घरातला फुलणारा बिगोनिया: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बिगोनिया घरी आला की बरेच जण एकाच दिवशी सगळं उरकतात. मोठ्या कुंडीत लावतात, मूठभर खत घालतात, भरपूर पाणी देतात आणि उन्हात नेऊन ठेवतात. ही सगळी कामं एकाच दिवशी केली की झाड तग धरत नाही. आधी पानं मलूल होतात, मग कळ्या गळतात. कळ्या गळल्या म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि थोड्याच दिवसांत खोड मातीलगत मऊ पडून आडवं होतं.

कारण मुळांत आहे. बिगोनियाची मुळं फार बारीक असतात आणि मातीच्या वरच्याच थरात पसरतात. खोड आणि देठ मात्र रसाळ, पाण्याने भरलेले. त्यामुळे हे झाड पाण्याची थोडी ओढ सोसतं, पण मुळांची हवा कोंडली तर सोसत नाही. खाली दिलेला कामांचा क्रम याच गोष्टीवरून ठरवला आहे.

१. आधी प्रकार ओळखा

बिगोनिया या एका नावाखाली अगदी वेगळ्या सवयींची झाडं मिळतात. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो. म्हणून झारी हातात घेण्याआधी पान, खोड आणि मातीलगतचा भाग नीट बघा.

वॅक्स बिगोनिया: गोलसर, जाड, चकचकीत पानं, हिरवी किंवा तांबूस. फुलं लहान पण सतत येणारी. उजेड आणि ऊब पुरेशी असेल तर वर्षभर फुलतो. पहिल्यांदाच बिगोनिया लावणाऱ्याने हाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एलाटिओर, म्हणजेच रीगर बिगोनिया: लहान झाड आणि त्यावर भरगच्च, बहुपाकळी फुलांचे गुच्छ. दिसायला सगळ्यात देखणा, सांभाळायला सगळ्यात नाजूक. दिवस लहान झाले की कळ्या धरतो.

केन बिगोनिया: बांबूसारखी पेरं असलेलं उभं खोड, पंखासारखी तिरकी पानं, काहींवर रुपेरी ठिपके. फुलांचे झुबके खाली लोंबतात. नीट जमला तर वर्षानुवर्षं टिकतो.

कंदाचा बिगोनिया: मातीत चपटा, तपकिरी कंद आणि वर मोठाली फुलं. वर्षातले काही महिने हा पूर्ण झोपतो. तेव्हा तो मेला असं समजून फेकू नका.

रेक्स बिगोनिया पानांसाठी लावतात. त्याला फुलं येतात, पण त्यांचं कौतुक करावं अशी नसतात. तो इथे धरलेला नाही.

तपासा: नावाची पट्टी नसेल तर खोडाजवळची माती बोटाने हलकेच बाजूला सारा. टणक चपटा कंद लागला तर तो कंदाचा बिगोनिया. कंद नसेल आणि खोडावर ठळक पेरं असतील तर तो केन.

२. रोप निवडताना

पूर्ण उमललेल्या रोपाचा मोह टाळा. काही फुलं उघडलेली आणि बऱ्याच कळ्यांना रंग दिसू लागलेला, असं रोप घ्या. अगदी हिरव्या, घट्ट कळ्या घरातल्या कमी उजेडात कधीकधी उमलतच नाहीत.

पानं बाजूला करून खोड जिथे मातीला मिळतं ती जागा पाहा. ती टणक हवी. तिथे तपकिरी, ओलसर, दबणारा भाग दिसला तर वर कितीही फुलं असोत, ते रोप घेऊ नका. पानांच्या मागे कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण आहे. पानांवर पिठासारखे डाग असतील तर भुरी.

३. पहिले दोन आठवडे: कमीत कमी हात लावा

रोप आणल्यावर कुंडीभोवतीचा चकचकीत कागद किंवा प्लास्टिक काढून टाका. त्याच्या तळाशी पाणी साचतं, ते बाहेरून दिसत नाही आणि मुळं त्यातच बसून राहतात. मग रोप इतर झाडांपासून दूर, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवा. कीड सोबत आली असेल तर दोन आठवड्यांत ती दिसते.

या काळात खत नाही, कुंडीबदल नाही, जागेची अदलाबदल नाही. काही कळ्या आणि खालची एखाददोन पानं गळतील. रोपवाटिकेतला मोकळा उजेड आणि ओलसर हवा सुटून ते घरात आलंय, तेवढी गळ होणारच.

सावधान: बिगोनियाच्या सगळ्या भागांत ऑक्झलेटं असतात, कंदात सर्वात जास्त. कुत्र्या-मांजरांनी चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. जागा ठरवतानाच याचा विचार करा. लहान मुलांच्याही हाताला लागणार नाही असं बघा.

४. कायमची जागा

फुलांसाठी उजेड लागतो, पण दुपारच्या थेट उन्हात पानांच्या कडा करपतात. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास येतं अशी खिडकी उत्तम. वॅक्स बिगोनियाला याहून थोडं जास्त ऊन चालतं. एलाटिओर आणि कंदाच्या बिगोनियाला पडद्यातून गाळून आलेला उजेड बरा.

उजेड पुरेसा आहे का, हे असं बघा: झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर साधारण ३० सेंमी उंचीवर हात धरा. कडा पुसट पण हाताचा आकार ओळखू येणारी सावली पडली तर जागा योग्य. सावलीच दिसत नसेल तर झाड जगेल, फुलणार नाही. काळी, धारदार सावली म्हणजे ऊन थेट येतंय.

तापमान १६ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की बिगोनिया खूश असतो. एलाटिओरला गारवा जास्त आवडतो आणि १६ ते २० अंशांत त्याची फुलं जास्त दिवस टिकतात. पारा ३० च्या वर राहिला की कळ्या गळू लागतात. तेव्हा झाड घरातल्या सर्वात थंड, उजेडाच्या कोपऱ्यात हलवा. एसीचा किंवा हीटरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका.

आता दमटपणा. हवेत ओल हवी, पण पानांवर पाणी नको, आणि इथेच सर्वात जास्त चूक होते. दमट हवा आवडते असं वाचून लोक रोज पानांवर फवारा मारतात. त्या थेंबांनी हवेत फारसा फरक पडत नाही, भुरी आणि पानावरचे डाग मात्र हमखास येतात. त्याऐवजी पसरट ताटलीत खडे घालून पाणी भरा आणि कुंडी खड्यांवर ठेवा. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. झाडांमध्ये हवा खेळेल एवढं अंतर ठेवा.

५. पाणी: वारावर नाही, वाफशावर

"आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?" या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच घरात, एकाच झाडाला गरम कोरड्या आठवड्यात तीनदा पाणी लागेल आणि गार ढगाळ आठवड्यात एकदाही लागणार नाही. शेतकरी जसा वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असल्याची स्थिती) बघून ठरवतो तसंच इथे करायचं.

क) बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. वरचे दोनेक सेंमी कोरडे लागले तरच पाणी द्यायचं. ओल लागली तर आज नाही.

ख) कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यावर ती किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे हाताला लवकर कळू लागतं. माझ्या मते ही सवय बोटाच्या परीक्षेपेक्षाही भरवशाची. वरचा थर सुकलेला आणि तळ चिंब, असा प्रकार बोटाला फसवतो, वजनाला नाही.

ग) सकाळी, खोलीच्या तापमानाचं पाणी, लांब चोचीच्या झारीने पानांखालून मातीच्या कडेकडेने घाला. तळातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. घोट-घोट पाणी दिलं की वरचा थर ओला आणि खालची मुळं कोरडी राहतात.

घ) पंधरा-वीस मिनिटांनी ताटलीत जमलेलं पाणी ओतून द्या.

पानांचा पसारा दाट असेल तर कुंडी पाण्याच्या पसरट भांड्यात अर्धा तास ठेवा आणि मग निथळू द्या. मात्र सतत खालूनच पाणी दिलं तर क्षार वरच्या थरात साठतात, म्हणून अधूनमधून वरूनही द्या.

सावधान: पानं मलूल दिसली की आधी मातीला हात लावा. माती कोरडी असेल तर पाणी द्या, काही तासांत झाड सावरतं. माती ओली असूनही पानं लुळी पडली असतील तर मुळं कुजू लागली आहेत. अशा वेळी घातलेलं पाणी झाडाचा शेवट करतं. झाड लगेच बाहेर काढा आणि दहावा टप्पा वाचा.

६. कुंडी आणि माती

झाड रुळल्यावर, फुलांचा बहर ओसरल्यावर कुंडी बदला. भर फुलांत बदलू नका. बिगोनियाला थोडी तंग कुंडी मानवते. नवी कुंडी जुनीपेक्षा २ ते ३ सेंमीच रुंद घ्या. खोल कुंडीपेक्षा उथळ बरी, कारण मुळं खोल जात नाहीत आणि खालची रिकामी माती नुसती ओली राहते.

मिश्रण असं: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) १ भाग, चाळलेलं पानांचं कुजलेलं खत किंवा गांडूळखत १ भाग. बागेतली नुसती माती कुंडीत घट्ट बसते, ती वापरू नका. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा. फुटलाच नाही तर आणखी परलाइट घाला.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची पद्धत सोडून द्या. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. मातीच्या तळाशी चिंब राहणारा थर तसाच राहतो, उलट खडीमुळे तो मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

झाड बाहेर काढल्यावर मुळांचा गोळा मधोमध चाचपून पाहा. बऱ्याच रोपांत रोपवाटिकेत वापरलेली बारीक जाळी किंवा कागदी पिशवी तशीच राहिलेली असते. मुळं तिच्यातून आरपार गेली असतील तर ओढू नका, कात्रीने एक-दोन काप देऊन सैल करा.

झाड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. खोड खोल गाडलं की तिथूनच कुज सुरू होते. माती बोटांनी दाबू नका, कुंडी दोनदा आपटली की बसते. मग हलकं पाणी, आठवडाभर सावली आणि महिनाभर खत बंद.

७. खत

नव्या पालवीला सुरुवात झाली की विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, दर दोन आठवड्यांनी. वाढीच्या काळात नत्र, स्फुरद, पालाश (पाकिटावरचे एन-पी-के) समान असलेलं चालतं. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी असलेलं घ्या. नत्र जास्त झालं की पानं मोठी आणि गर्द होतात, फुलं रुसतात. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीच घालू नका, बारीक मुळं भाजतात. झाड सुस्तावलं की खत थांबवा.

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसला तर क्षार साठलेत. साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा आणि पुढचं एक खत चुकवा.

८. खुडणी आणि गळालेली फुलं

रोपाला चार-पाच पानं झाली की शेंडा पेराच्या जरा वर खुडा. खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात आणि फुलं फांद्यांच्या संख्येवर येतात. खुडायला मन होत नाही, हे मला माहीत आहे, पण न खुडलेला वॅक्स बिगोनिया लांबुडका, उघड्या खोडाचा होतो.

फुलं गळताना पाहून घाबरण्याआधी एक फूल हातात घेऊन मागून बघा. बिगोनियाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांमागे तीन पंखांची फुगीर, हिरवट किंवा गुलाबी कुपी असते. नर फुलामागे नुसता देठ. नर फुलं आपलं काम झालं की अख्खीच्या अख्खी गळतात, तो आजार नव्हे. मादी फुलं बरीच टिकतात. कंदाच्या बिगोनियात मधलं मोठं भरगच्च फूल नर असतं आणि त्याच्या शेजारची साधी फुलं मादी. मादी फुलं कळीतच खुडली तर मधलं फूल चांगलं भरतं.

न उमललेल्या कळ्या गळत असतील तर मात्र कारण शोधा: माती पूर्ण सुकून गेली होती का, जागा अचानक बदलली का, उष्णता वाढली का, उजेड कमी पडला का? बहुधा या चारांतलं एक निघतं.

गळालेल्या पाकळ्या पानांवर पडू देऊ नका. ओली पाकळी पानाला चिकटते, दोन-तीन दिवसांत तिच्याखाली तपकिरी डाग पडतो आणि त्यावर राखाडी केसाळ बुरशी उगवते. झाडाला हात लावाल तेव्हा पाकळ्या वेचण्याची सवयच ठेवा.

९. बहर संपल्यावर

वॅक्स: उंच, विरळ झाला असेल तर एक तृतीयांश ते निम्मा छाटा. सहसा चटकन फुटतो.

केन: वाढ सुरू होण्याच्या तोंडावर सर्वात जुनी, उघडी पडलेली खोडं मातीपासून दोन-तीन पेरं ठेवून कापा. उरलेल्यांचे नुसते शेंडे खुडा. सगळी खोडं एकदम कापली तर त्या मोसमाची बरीच फुलं जातात.

एलाटिओर: पुष्कळ लोक बहर संपला की याला टाकून देतात. पुन्हा फुलवणं अवघड आहे, पण अशक्य नाही. फुलं संपल्यावर ८ ते १० सेंमी उंचीवर छाटा, पाणी कमी करा, नवी फूट आली की खत सुरू करा. यानंतरची बाब बऱ्याच जणांना ठाऊक नसते: दिवस साधारण १२-१३ तासांहून लहान असेल तेव्हाच हा नीट कळ्या धरतो. बाहेर दिवस लहान असूनही दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल तर झाडापुरता दिवस मोठाच राहतो. कळ्या हव्या असतील तेव्हा तीन-चार आठवडे त्याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत सुमारे १४ तास पूर्ण अंधार मिळेल अशा खोलीत ठेवा किंवा खोक्याने झाका. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा.

कंदाचा: याचं उलट. दिवस मोठे असताना फुलतो, लहान होऊ लागले की पानं पिवळी पडतात. तेव्हा पाणी हळूहळू बंद करा. पानं आणि खोड आपोआप सुटून आली की कंद काढा, माती झटका, सुकवा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये १० अंशांच्या आसपास, गार जागी ठेवा. खोड ओढून तोडू नका, जखमेतून कंद कुजतो. काही महिन्यांनी गुलाबी कोंब दिसले की खोलगट बाजू वर ठेवून, जेमतेम ओल्या मिश्रणात लावा. पानं येईपर्यंत पाणी अगदी बेताने.

१०. रोग आणि कीड

मूळकूज: झाड बाहेर काढा. तपकिरी, मऊ, ओढताच साल सुटणारी मुळं कापा. पांढरी, टणक मुळं उरली असतील तर लहान कुंडीत, कोरडसर ताज्या मिश्रणात लावा. मुळं जवळपास संपली असतील तर झाडामागे वेळ घालवू नका, निरोगी शेंडे कापून कलमं करा. खोड मातीलगत मऊ झालं असेल तर कलमं हाच एक मार्ग.

भुरी: एलाटिओरवर फार येते. डाग पडलेली पानं काढा आणि झाडं दूर-दूर ठेवा. मग गंधकयुक्त बुरशीनाशक किंवा कडुनिंबाचं तेल, पण दोन्हींतलं एकच. तेल आणि गंधक दोन आठवड्यांच्या आत एकामागोमाग मारलं तर पानं जळतात. गंधक कडक उन्हाळ्यात नकोच. कोणतंही औषध आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा.

जिवाणूजन्य ठिपके: पानावर पाणी शोषल्यासारखे काचेरी डाग आणि भोवती पिवळं वलय. याला घरी औषध नाही. झाड मातीसकट टाका, कुंडी आणि कात्री निर्जंतुक करा. कठोर वाटेल, पण बाकीचे बिगोनिया यानेच वाचतात.

पिठ्या ढेकणाला स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा लावा. फुलकिडे असतील तर पाकळ्यांवर पांढरट ओरखडे आणि रुपेरी चट्टे दिसतात. तेव्हा उमललेली फुलं आणि कळ्या सगळ्या काढून टाका आणि मग कीटकनाशक फवारा, कारण फुलकिडे फुलांतच लपतात.

११. कलमं

झाड धडधाकट असतानाच एक-दोन कलमं करून ठेवा. फुलं किंवा कळ्या नसलेली ८ ते १० सेंमीची फांदी घ्या आणि पेराच्या लगेच खाली कापा. कळ्या असलेली फांदीच मिळाली तर कळ्या खुडा. खालची पानं काढा, काप तासभर सुकू द्या, मग ओलसर परलाइट-कोकोपीटमध्ये एक पेर आत जाईल असं खोचा. वरून पारदर्शक पिशवी घाला, तिला चार-पाच भोकं पाडा. २० ते २२ अंश आणि सावलीतला उजेड मिळाला की साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

केन बिगोनियाचं नुसतं पान लावू नका. त्याला मुळं फुटतात, पान महिनोन् महिने हिरवं राहतं, पण डोळा नसेल तर त्यातून नवं खोड सहसा येत नाही.

तपासा: कलम हलकेच ओढून बघा. अडकल्यासारखं वाटलं तर मुळं आली. पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी जास्त उघडा. मग ७-८ सेंमीच्या कुंडीत लावा आणि पहिला महिना आलेली प्रत्येक कळी खुडा.